डॉलीचं म्हणू की व्हिटनीचं? एकाच गाण्याची चार-पाच व्हर्जनं शेजारी ठेवून बघितली

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज, मामा जागा आहेस का, अर्जंट आहे. म्हटलं आता काय झालं. तर अर्जंट हे की शुक्रवारी ऑफिसातल्या मॅडमचा सेंड-ऑफ आहे, हिला तिथे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ म्हणायचंय, यूट्यूबवर कराओके ट्रॅक शोधायला गेली तर ढीगभर निघाले, डॉली पार्टन स्टाइल, व्हिटनी ह्यूस्टन स्टाइल, खालच्या पट्टीतलं, पुरुषांच्या पट्टीतलं, डुएट, आणि आता डोकं चालत नाहीये. वर अजून एक शेपूट, पुढच्याच महिन्यात तिच्या मैत्रिणीचं लग्न आहे आणि त्या मैत्रिणीला संगीतच्या कपल डान्सला हेच गाणं पाहिजे, तर दोन्हीकडे एकच ट्रॅक चालून जाईल का.

लग्नाचं आधी निकालात काढतो कारण तिथे तुलना करायचीच गरज नाही. लग्नात हे गाणं लावू नका, कुठलंच व्हर्जन नको, इन्स्ट्रुमेंटल पण नको. नावात लव्ह आहे म्हणून सगळे फसतात. गाण्यात ती म्हणतेय की मी थांबले तर तुझ्या वाटेत आडवी येत राहीन म्हणून निघते, सोबत नेतेय त्या कडूगोड आठवणी, रडू नकोस, तुला जे हवंय ते मी नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. हे लग्नात? म्हणजे अंतरपाट धरलाय, मामा कडेला उभे आहेत, आणि नवरी म्हणतेय बरंय मग, येते मी. ज्या सिनेमामुळे हे गाणं आपल्या घराघरात आलं त्या ‘द बॉडीगार्ड’मध्येसुद्धा नायक-नायिका एका बारमध्ये या गाण्यावर नाचतात आणि नायिका स्वतःच हसत म्हणते की किती उदास गाणं आहे, शब्द ऐकलेस का. आणि तरी लोक लग्नात लावतात.

आता सेंड-ऑफ. तिथे गाणं चपखल आहे, प्रश्न फक्त व्हर्जनचा. आणि व्हर्जन ठरवायचं तर गाणं आलं कुठून ते जरा बघावं लागतं, कारण मेख तिथेच आहे, हे गाणं मुळात ऑफिस सोडतानाच लिहिलंय. खरंच. बॉयफ्रेंडसाठी नाही, नवऱ्यासाठी नाही, बॉससाठी.

टेनेसीच्या डोंगराळ भागातली, 12 भावंडांत वाढलेली डॉली पार्टन 1964 मध्ये शाळा संपल्या संपल्या नॅशव्हिलला आली, आणि 1967 मध्ये तिला पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये जागा मिळाली. पोर्टर म्हणजे तेव्हाचा कंट्री म्युझिकमधला, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकगीतवजा संगीतातला, मोठा माणूस, खडे लावलेले चमचमते सूट, डोक्यावर केसांचा डोंगर, आणि दर आठवड्याला घराघरात दिसणारा शो. डॉलीच्या आधी तिथे नॉर्मा जीन नावाची गायिका होती आणि ती लोकांची इतकी लाडकी की सुरुवातीला डॉली स्टेजवर आली की प्रेक्षक नॉर्मा जीनच्या नावाने ओरडायचे. हळूहळू डॉली रुळली, पोर्टर-डॉली ही जोडी गाजली, दोघांची डुएट्स चार्टवर जायला लागली. पण ती आली तेव्हाच मनाशी ठरवून आली होती की 5 वर्षं इथे, मग स्वतःचं काहीतरी. 5 ची 7 व्हायला आली तरी पोर्टर सोडायला तयार नाही. त्याच्या बाजूनेही बघायला पाहिजे म्हणा, त्याने संधी दिली, नाव दिलं, आणि आता ती निघाली म्हणजे अर्धा शो निघाला. रोज खटके. ती काही बोलायला गेली की तो ऐकूनच घेईना.

मग डॉलीने काय केलं तर घरी जाऊन गाणं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन गिटार घेऊन त्यालाच गाऊन दाखवलं. ती हा किस्सा गेली कित्येक वर्षं सांगतेय. पोर्टर रडला, म्हणाला तू लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं गाणं, जा तू, पण हे रेकॉर्ड मी प्रोड्यूस करणार. (रेकॉर्डवर प्रोड्युसर म्हणून नाव मात्र बॉब फर्ग्युसनचं आहे, म्हणजे किस्सा आणि कव्हर यात थोडं अंतर आहे, असो.) राजीनाम्याचं पत्र इतक्या लोकांनी इतक्या प्रकारे वाचून दाखवलंय असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

तर पहिलं व्हर्जन. जून 1973 मध्ये नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये रेकॉर्ड झालं, ‘जोलीन’ या अल्बममध्ये आलं, आणि मार्च 1974 मध्ये सिंगल म्हणून निघालं. जूनमध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या कंट्री चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, एक नंबर. पॉपवाल्यांनी तेव्हा त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. ऐकायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. गिटार, मागे स्टील गिटारचा तो ओघळणारा आवाज, आणि डॉली जवळजवळ कानात बोलल्यासारखी सुरू करते, समोर एकच माणूस बसलाय आणि दार बंद आहे असं. ध्रुवपदात शब्द काय आहेत तर फक्त गाण्याचं नाव, तेच पुन्हा पुन्हा, बाकी काही नाही, आणि तिथेही ती आवाज फार चढवत नाही, जरासा उचलते आणि परत खाली ठेवते. आवाजात ती बारीक थरथर आहे ती काहींना आवडत नाही, माझ्या बायकोला शेळीसारखी वाटते, मी वाद घालत नाही.

आणि तिसरं कडवं ती गात नाहीच. बोलते. सूर बाजूला ठेवून सरळ बोलते की आयुष्य तुला सुखाचं जावो, तू जे जे मनात धरलंस ते मिळो, आनंद मिळो, आणि या सगळ्यापेक्षा जास्त म्हणजे प्रेम मिळो. जुन्या कंट्री गाण्यांमध्ये असं मध्येच बोलायची पद्धत होती, त्याला रेसिटेशन म्हणतात. आज ऐकताना पहिल्यांदा थोडं अवघडायला होतं, कोणीतरी अचानक आपल्याकडे बघून बोलायला लागलंय असं वाटतं. दोनदा ऐकलं की तीच जागा गाण्यातली सगळ्यात भारी जागा वाटायला लागते. हे बोलणं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरं, लिंडा रॉन्स्टॅटचं, 1975, ‘प्रिझनर इन डिसगाइज’ अल्बममधलं. आपल्याकडे हे फारसं कोणी ऐकलेलं नसतं. आवाज भरदार, स्वच्छ, थरथर बिरथर नाही, कॅलिफोर्नियाच्या कंट्री-रॉकवाल्यांचा एक घासूनपुसून केलेला सफाईदारपणा असतो तो आहे. डॉलीचा आवाज सोसत नसेल पण गाणं शांतच हवं असेल तर हे ऐका. पण यात एक भानगड आहे, तिने शेवटचं कडवं घेतलेलंच नाही. ते बोलायचं कडवंच गायब. सेंड-ऑफसाठी तिथेच बाद, का ते पुढे सांगतो. तरी हे व्हर्जन झालं नसतं तर व्हिटनीचंही झालं नसतं, तेही पुढे येतंच.

मध्ये एक न झालेलं व्हर्जन पण आहे, एल्विस प्रेस्लीचं. एल्विसला गाणं प्रचंड आवडलेलं, रेकॉर्डिंग ठरलेलं, डॉली हवेत. आणि ऐनवेळी त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्करचा फोन, की आमची पद्धत अशी आहे, एल्विस गाणार असेल तर गाण्याच्या पब्लिशिंगचे अर्धे हक्क आमचे. डॉली म्हणाली नाही. गाणं आधीच एक नंबरला जाऊन आलेलं, घरच्यांसाठी ठेवावी अशी ठेव, ती कशी देणार. नाही म्हणाली आणि घरी जाऊन रात्रभर रडली असं तीच सांगते. आजूबाजूच्या सगळ्यांनी वेड्यात काढलं असणार, एल्विसला नाही म्हणतेस? याच संदर्भात अजून एक किस्सा ती सांगते की प्रिसिलाने तिला सांगितलं, आमचा घटस्फोट झाला त्या दिवशी कोर्टातून उतरताना एल्विस हे गाणं मला गुणगुणत होता. ऐकायला काटा येतो, पण घटस्फोट झाला ऑक्टोबर 1973 मध्ये आणि गाणं बाजारात आलं 1974 मध्ये, तेव्हा तारखा जुळवायला बसू नका.

तिसरं, डॉलीचंच परत, 1982. ‘द बेस्ट लिटल होअरहाउस इन टेक्सस’ नावाचा म्युझिकल सिनेमा आला, डॉली आणि बर्ट रेनॉल्ड्स, त्यासाठी तिने गाणं नव्याने रेकॉर्ड केलं आणि ते पण कंट्री चार्टवर एक नंबरला गेलं. एकाच गायिकेने एकच गाणं दोनदा रेकॉर्ड करून दोन्ही वेळा एक नंबरला नेलं, असं आधी कोणी केलेलं नव्हतं. विक्रम म्हणून ठीक आहे. ऐकायला मला 1974 चंच बरं वाटतं, 1982 मधला आवाज जास्त पिकलेला आहे पण आजूबाजूला सिनेमाचा थाट आहे, दार बंद असल्याची ती भावना गेली. यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता ज्याच्यासाठी सगळे थांबलेत ते.

1992. ‘द बॉडीगार्ड’ बनत होता, व्हिटनी ह्यूस्टनचा पहिला सिनेमा, समोर केव्हिन कॉस्नर. शेवटच्या गाण्यासाठी भलतंच गाणं ठरलं होतं, जिमी रफिनचं साठच्या दशकातलं ‘व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड’. तेवढ्यात कळलं की ते ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ या दुसऱ्या सिनेमात वापरून झालंय. मग शोधाशोध, आणि कॉस्नरने हे गाणं पुढे केलं, रेकॉर्ड आणली ती लिंडा रॉन्स्टॅटची. प्रोड्युसर डेव्हिड फॉस्टर त्या रेकॉर्डवरून कामाला लागला, आणि मग डॉलीला फोन केला की तुझं गाणं घेतोय, तर बोलता बोलता डॉली म्हणाली अरे पण लिंडाच्या रेकॉर्डमध्ये शेवटचं कडवं नाहीये, ते घेतलंत ना? नव्हतं घेतलं. तिने सांगितलं, त्याने लिहून घेतलं. म्हणजे तो फोन झाला नसता तर व्हिटनीचं गाणं कडव्याविना गेलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं.

दुसरी अडवणूक सुरुवातीवरून. कॉस्नरचं म्हणणं की सुरुवातीला एकही वाद्य नको, नुसता आवाज. रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना हे पचेना, रेडिओवाले लावणार नाहीत, लोक स्टेशन बदलतील वगैरे. शेवटी ठेवलं तसंच. पाऊण मिनिटाच्या आसपास फक्त व्हिटनी, हातात काही नाही, मागे काही नाही. मग हळूच वाद्यं येतात, दुसरं कडवं, मग कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन, मग ते तिसरं कडवं, जे डॉली बोलते ते व्हिटनी गाते. आणि मग सगळं थांबतं. एक क्षण पूर्ण शांतता. धाडकन ड्रम, आणि गाणं एक पूर्ण स्वर वर, पांढरी सहातून पांढरी सातमध्ये, आणि तो ‘अँड आय’ जो जगातल्या प्रत्येक बाथरूममध्ये म्हणून झालेला आहे.

मी अकरावीत होतो, बॉडीगार्डची कॅसेट मोठ्या भावाने आणली होती, ए साइडचं पहिलंच गाणं हे. ड्रमच्या आधीची ती शांतता ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, टेप अडकली बघ. आणि मी प्लेअरचं झाकण उघडायला हात पुढे केला आणि तेवढ्यात तो ड्रम. हात मागे घेतलेला अजून आठवतो.

आकडे काय सांगायचे, नोव्हेंबर 1992 मध्ये आलं आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य चार्टवर सलग 14 आठवडे एक नंबर. त्याच वर्षी बॉइझ टू मेन या ग्रुपच्या गाण्याने 13 आठवड्यांचा विक्रम केला होता तो काही महिन्यांत मोडला. ब्रिटनमध्ये 10 आठवडे. 1994 च्या ग्रॅमीमध्ये रेकॉर्ड ऑफ द इयर, आणि पूर्ण अल्बमला अल्बम ऑफ द इयर. साउंडट्रॅकच्या जगभरात साडेचार कोटींच्या आसपास प्रती गेल्या असं सांगतात. डॉली म्हणते की ती नॅशव्हिलमध्ये गाडी चालवत होती, रेडिओवर नुसता आवाज सुरू झाला, ओळखीचं काहीतरी वाटतंय पण कळेना, आणि ध्रुवपद आलं तेव्हा गाडी बाजूला घ्यावी लागली, नाहीतर ठोकली असती.

आणि एल्विसला नाही म्हटल्याचं फळ इथे मिळालं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला जातात, गाणाऱ्याला नाही, असा तिथला नियम आहे. 14 आठवडे दिवसरात्र वाजणारं गाणं आणि हक्क पूर्ण डॉलीचे. ती गमतीने म्हणते की ग्रेसलँड विकत घेता येईल एवढे पैसे आले. ग्रेसलँड म्हणजे एल्विसचा बंगला. काही पैसे तिने नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका जागेत गुंतवले, आणि व्हिटनीने बांधलेलं घर असं त्याला म्हणते.

हे सगळं वाचून वाटेल की मग व्हिटनीचंच म्हणावं. थांबा. ऐकायला आणि म्हणायला यात फरक आहे, आणि इथेच निम्मे लोक आपटतात.

तीनेक वर्षांपूर्वी नात्यातल्या एका संगीतमध्ये एकाने (पुरुष, हो, पुरुषच) व्हिटनीचा ट्रॅक घेतला. मुलगा चांगला गाणारा, गणपतीत दरवर्षी म्हणतो. डोळे मिटून सुरुवात केली, वाद्यं नाहीत, हॉल शांत, सगळ्यांचे मोबाइल वर, आणि खरंच छान म्हणत होता. आता मागे काही वाजतच नसेल तर तुम्ही कुठल्या पट्टीत आहात हे सांगणार कोण? याने आपल्या मनाने धरलेला सा पाऊण मिनिट इमानदारीत सांभाळला, आणि मग ट्रॅकमधली वाद्यं आली ती त्याच्यापेक्षा साधारण अर्ध्या सुराने वर. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. त्याने सावरायचा प्रयत्न केला, मध्येच कुठेतरी ट्रॅकला गाठलं, पण मग ड्रमनंतर अजून एक स्वर वर जायचं होतं हे तो विसरलाच होता. शेवटचं ध्रुवपद आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं, प्रेमाने, त्याला वाचवायला.

म्हणून म्हणतो, व्हिटनीच्या व्हर्जनला तीन गोष्टी लागतात. कानात पक्का सा, म्हणजे सुरुवातीआधी कोणीतरी कीबोर्डवर एक स्वर दिलाच पाहिजे, लाजू नका, तंबोरा लावूनच गातो ना आपण. दुसरं म्हणजे दम. एकेका अक्षरावर ती चार चार पाच पाच स्वरांच्या जागा घेते, ते गॉस्पेल आहे, चर्चमधलं गाणं, लहानपणापासून न्यूअर्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चच्या कॉयरमध्ये गाऊन आलेलं, आपण यूट्यूबवरून दोन दिवसांत उचलू म्हटलं तर नुसती हरकतींची नक्कल होते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रसंग. ते गाणं साडेचार मिनिटांत चढत चढत शिखरावर नेतं, ऐकणारा गायिकेकडे बघत राहतो. सेंड-ऑफमध्ये लोकांनी बघायला पाहिजे मॅडमकडे, तुझ्याकडे नाही. टाळ्या तुला मिळतील, पण मॅडमच्या हातातला बुके तसाच राहील.

डॉलीचं सोपं आहे का? सोपं नाही, वेगळं अवघड आहे. तिथे लपायला जागा नाही. आवाज चढवून वेळ मारून नेता येत नाही, शब्द खोटा वाटला की लगेच कळतं. पण पहिल्या सुरापासून गिटार आहे म्हणजे पट्टी हरवत नाही, तीन मिनिटांत संपतं, मधल्या आवाजाच्या बाईला जमतं, आणि घसा बसलेला असेल (सेंड-ऑफच्या आठवड्यात सगळ्यांचा बसलेलाच असतो) तरी चालून जातं, उलट बरं वाटतं.

दोघांनी म्हणायचं असेल तर 1995 मध्ये डॉलीने विन्स गिलसोबत डुएट केलंय, ते बघा. कंट्री चार्टवर 15 नंबरपर्यंत गेलं, पहिल्या दोन वेळेसारखं वर नाही, पण दोन आवाज आले की गाणं थोडं बदलतं. एकटी बाई निघून जातेय असं न राहता दोघं एकमेकांना सोडतायत असं होतं. विन्स गिलचा आवाज मऊ आणि उंच आहे, त्यामुळे आपल्याकडच्या खर्जातल्या पुरुषांनी तो ट्रॅक घेताना पट्टी खाली आणून घ्यावी, बहुतेक कराओके ॲपमध्ये ते बटण असतं. एकट्या पुरुषाला म्हणायचं असेल तर बॉडीगार्डमधलाच तो बारचा सीन ऐका, ज्यूकबॉक्सवर जे वाजतं ते जॉन डोने गायलंय, हा मूळचा लॉस एंजलिसच्या एक्स या पंक बँडचा माणूस, आणि त्याने ते साधं, ओबडधोबड, डॉलीच्या वळणाने म्हटलंय. एकाच सिनेमात गाणं दोन्ही टोकांनी ऐकायला मिळतं आणि बहुतेकांना एकच आठवतं.

अजून एक गोष्ट, जी निवडताना मनात ठेवावी असं मला वाटतं. फेब्रुवारी 2012 मध्ये व्हिटनी गेली, दुसऱ्याच दिवशी ग्रॅमीचा सोहळा होता, तिथे जेनिफर हडसनने हे गाणं म्हटलं, अगदी हळू, जवळजवळ काही न करता. आठवड्याभराने न्यू होप चर्चमधून तिची शवपेटी बाहेर नेताना तिचंच रेकॉर्डिंग लावलं, आणि गाणं 20 वर्षांनी परत चार्टवर वर आलं, तीन नंबरपर्यंत. तेव्हापासून व्हिटनीचं व्हर्जन सुरू झालं की ऐकणाऱ्याला ते आठवतंच. बंगलोरला बदलीवर चाललेल्या मॅडमसाठी ते जरा जास्तच होतं.

आणि डॉलीच्या बाजूला काय आहे तर पोर्टर. गाणं ऐकून रडला, जा म्हणाला, पण पुढे 1979 मध्ये त्याने तिच्यावर 30 लाख डॉलरचा दावा ठोकला. म्हणजे सेंड-ऑफ काही गोड झाला नाही, हे पण सांगायला पाहिजे. कोर्टाबाहेर मिटलं, वर्षं गेली, बोलणं परत सुरू झालं. मे 2007 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री म्युझिकच्या जुन्या कार्यक्रमात पोर्टरला 50 वर्षं झाली म्हणून सत्कार झाला तेव्हा डॉली आली आणि तिने समोर बसलेल्या पोर्टरला हेच गाणं म्हणून दाखवलं, ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच, 33-34 वर्षांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला.

तर हे सगळं मी भाचीला व्हॉइस नोट करून पाठवलं, एकूण 11 नोटा, तिने दीडपट स्पीडवर ऐकल्या. माझा निकाल असा होता की 1974 चा डॉलीचा ट्रॅक घे. व्हिटनीचं घरी हेडफोनवर ऐक, एकटीने, अंधार करून. लिंडाचं ऐक पण म्हणू नकोस कारण ज्या कडव्यासाठी आपण हे सगळं करतोय तेच त्यात नाही. 1982 चं सोडून दे. आणि तिसरं कडवं बोलायचं आहे तिथे इंग्लिश उच्चारांचा ताण घेऊ नकोस, सरळ मराठीत बोल, मॅडमकडे बघून, तुझ्या शब्दांत, ट्रॅक मागे चालू राहतो तेवढा वेळ.

तिचा रिप्लाय आला, मामा सगळं पटलं पण एक सांग, गाण्यात जी गातेय ती सोडून चाललीय ना? इथे जाणार तर मॅडम आहेत, मी नाही. मी कशी म्हणणार की मी निघते?

आता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतका इतिहास सांगितला, पट्ट्या सांगितल्या, आणि गाणं कोणाच्या तोंडी आहे हेच विसरलो. मी टायपिंग... टायपिंग... करत बसलो तोवर तिचाच पुढचा मेसेज. मॅडम भजनी मंडळात गातात म्हणे, आवाज छान आहे. तर पहिली दोन कडवी मॅडमना म्हणायला लावणार, कारण निघणाऱ्याची आहेत ती, आणि तिसरं, ते बोलायचं, ते ही बोलणार, कारण ते मागे राहिलेलं माणूसही बोलू शकतं. मॅडमना सरप्राइज द्यायचं होतं ते आता जाणार, पण चालेल म्हणाली. ट्रॅक डॉलीचाच, पट्टी मॅडमना विचारून उद्या कळवते.